संगणकाची खोली प्रयोगशाळा कधी होणार?

रसायनाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर शिक्षक थोडेसे रागावतात, पण प्रयोग थांबत नाही. कपाटातून दुसरी नळी निघते आणि काम पुढे चालू होते. नळ्या फुटणार हे धरूनच शाळा त्या डझनाने आणते. आता संगणकाच्या खोलीत काय असते ते पाहा. यंत्रावर आवरण, दाराला कुलूप, आणि तास सुरू होताच पहिली सूचना : 'काही बदलू नका, सांगितले तेवढेच करा.' शिक्षकांचे भय खोटे नाही. एखाद्या मुलाने नको ती फाईल पुसली तर ते यंत्र महिनाभर बंद पडते आणि दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्याच्या गावाहून यावा लागतो. परंतु जेथे चुकण्यास बंदी आहे त्या खोलीला प्रयोगशाळा म्हणता येईल काय? माझ्या मते नाही. ती फार तर पाठांतराची खोली होईल.

प्रयोगाला दोन गोष्टी लागतात. पहिली, बिघडले तरी चालेल अशी मुभा. दुसरी, एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला दुसऱ्या जागी तसाच करता येईल अशी नोंद. संगणकशास्त्रात या दोन्ही गोष्टी पुरवणारे एक साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. त्याला कंटेनर म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या ते रोज वापरतात. ते तालुक्याच्या शाळेत का यावे, आणि आणताना कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

बिलोलीचे एक काल्पनिक संकेतस्थळ

उदाहरणासाठी नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे तालुक्याचे गाव घेऊ. तेलंगणाची सीमा येथून जवळ आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. त्यामुळे या भागात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही कानी पडतात.

समजा, येथील नववीच्या मुलांनी आपल्या गावाचे संकेतस्थळ तयार करावयाचे ठरवले. सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी दगडी मशीद, तालुक्यातून वाहणारी मांजरा नदी, शाळेच्या पर्जन्यमापकातील रोजच्या नोंदी, अशी माहिती त्यात द्यावयाची आहे. गावाचे नाव मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत हवे. उर्दूचा मजकूर तर उजवीकडून डावीकडे जाणार!

नुसते एक पान करावयाचे असेल तर काम सोपे आहे. एक फाईल लिहावी आणि ब्राउझरमध्ये उघडावी. पण पावसाची नोंद रोज भरावयाची, ती साठवावयाची आणि मागाहून महिन्याची बेरीज काढावयाची, तर एका फाईलीने भागत नाही. मग तीन गोष्टी लागतात. मागणी येताच पान पाठवणारा वेब सर्व्हर, पान जुळवणारी पीएचपीसारखी भाषा, आणि नोंदी साठवणारा डेटाबेस. या तिघांच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतात, प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. घोटाळा येथूनच सुरू होतो.

प्रश्नचिन्हांचे गाव

संगणक अक्षरे साठवतो ती आकड्यांच्या रूपात. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा राखून ठेवला आहे. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या रीतीने देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवण्यास ३ बाइट लागतात. 'बिलोली' या शब्दात ब, इकार, ल, ओकार, ल, ईकार अशी ६ चिन्हे आहेत. म्हणजे या छोट्या नावाला १८ बाइट लागले. तेलुगू चिन्हांनाही प्रत्येकी ३ बाइट लागतात, तर उर्दू अक्षरांना प्रत्येकी २. इंग्रजी अक्षराचे काम एका बाइटात भागते.

आता मौज पाहा. मायएस्क्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. २०१८ मध्ये त्याची ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, मुद्दाम काही सांगितले नाही तर तो लॅटिन-१ नावाचा अक्षरसंच धरून चाले. त्या संचात पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरे आहेत, देवनागरी नाही. तेव्हा अशा डेटाबेसमध्ये 'बिलोली' लिहिले की अनेकदा तेथे सहा प्रश्नचिन्हे उमटत. शाळेतल्या संगणकावर नवी आवृत्ती असेल तर सारे ठीक दिसते. तेच काम जुनी आवृत्ती असलेल्या दुसऱ्या यंत्रावर नेले की गावाचे नावच नाहीसे होते! आणि प्रश्नचिन्हे एकदा साठवली गेली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत, कारण ती कोठेच शिल्लक उरलेली नसतात.

'माझ्या संगणकावर तर चालते होते!' असे म्हणण्याची वेळ जगातल्या प्रत्येक संगणक-अभियंत्यावर कधी ना कधी येते. या वाक्यात खोटे काही नाही, पण ते अपुरे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे वाक्यही असेच अपुरे नाही काय? समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला, ही अट त्यात घालावी लागते. महाबळेश्वरला पाणी चार-पाच अंश आधीच उकळू लागते. म्हणजे कोणी खोटे बोलले असे नव्हे. परिस्थिती बदलली आणि ती लिहून ठेवलेली नव्हती, इतकेच.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

कंटेनरची युक्ती येथे कामी येते. कार्यक्रमाबरोबर त्याची परिस्थितीही बांधून ठेवावयाची, ही ती युक्ती. कोणत्या आवृत्तीची भाषा, कोणता डेटाबेस, कोणता अक्षरसंच, सारे एका पेटीत. पेटी दुसऱ्या यंत्रावर नेली तरी आतली परिस्थिती तीच राहते.

यापूर्वीही असा एक मार्ग होता. एका संगणकात दुसरा अख्खा आभासी संगणक चालवावयाचा. पण ते म्हणजे प्रत्येक कुटुंबासाठी निराळे घर, निराळा पाया आणि निराळी विहीर. जागा फार लागते आणि सुरू होण्यास वेळही लागतो. कंटेनर म्हणजे वाड्यातील बिऱ्हाड. पाया आणि विहीर साऱ्यांची एकच, पण प्रत्येकाचे स्वयंपाकघर वेगळे आणि कुलूपही वेगळे. येथे पाया म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा. हा गाभा प्रत्येक कंटेनरला त्याच्यापुरत्याच फाईली, त्याच्यापुरतीच कामांची यादी आणि त्याच्यापुरतेच जाळे दाखवतो. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजते ते त्याला दिसत नाही. एका कंटेनरने किती स्मृती आणि प्रक्रियकाचा किती वेळ घ्यावा, याची मर्यादाही गाभाच घालतो. म्हणून कंटेनर काही क्षणांत सुरू होतो आणि तितक्याच झटपट पुसून टाकता येतो.

ही कल्पना एका दिवसात जन्मलेली नाही. एखाद्या कार्यक्रमाला फाईलींचा मर्यादित कोपराच दाखवण्याची सोय १९७९ च्या युनिक्स आवृत्तीत होती. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत 'जेल' नावाची अधिक भक्कम व्यवस्था आली. साधनांच्या वाटपावर मर्यादा घालणारी सीग्रुप ही सोय गूगलमधील अभियंत्यांनी सुरू केली आणि २००८ साली ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. या साऱ्या तुकड्यांना सोप्या रीतीने एकत्र बांधणारे 'डॉकर' हे साधन मार्च २०१३ मध्ये जगासमोर आले आणि कंटेनर सर्वतोमुखी झाला. २०१५ पासून पेटीचे स्वरूप कसे असावे याचे खुले मानकही तयार होऊ लागले. त्यामुळे एका साधनाने बांधलेली पेटी पॉडमनसारख्या दुसऱ्या साधनानेही उघडता येते.

नाव मात्र घेतले ते बंदरावरून. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले, तेथून कंटेनर-वाहतुकीचे युग सुरू झाले असे मानतात. आपल्याकडे १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर याच पेट्यांसाठी प्रसिद्ध आहे. पेटीत द्राक्षे आहेत की यंत्रांचे भाग, याच्याशी यारीला कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले असले म्हणजे झाले. संगणकातील कंटेनरचेही तसेच आहे.

साहित्य आणि कृती

तुमची विज्ञानाची प्रयोगवही आठवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. कंटेनरच्या कामात 'साहित्य आणि कृती' एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहितात. तिला कंपोज फाईल म्हणतात. आपल्या बिलोलीच्या संकेतस्थळासाठी तिच्यात काय लिहावे लागेल? सारे मिळून वीस-पंचवीस ओळी. 'एक कंटेनर पीएचपी ८.३ आणि अपाचे सर्व्हरचा. त्याचे ८० क्रमांकाचे दार माझ्या यंत्राच्या ८०८० क्रमांकाच्या दाराशी जोडावे. "स्थळ" या माझ्या फोल्डरातील पाने त्याला वाचू द्यावीत. दुसरा कंटेनर मारियाडीबी या डेटाबेसचा. त्याचा अक्षरसंच यूटीएफ-८. त्याच्या नोंदी "पाऊस" नावाच्या वेगळ्या साठ्यात राहाव्यात.'

यानंतर 'डॉकर कंपोज अप' अशी आज्ञा दिली की दोन्ही कंटेनर उभे राहतात. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', म्हणजे आपलेच यंत्र, आणि पुढे ८०८० हा क्रमांक लिहिला की आपले संकेतस्थळ समोर दिसते. ते जगाला दिसत नाही, आपल्याला मात्र दिसते. इंटरनेट बंद असले तरीही दिसते!

यातील एक बारकावा ध्यानात ठेवावा. कंटेनर ज्या साच्यातून निघतो त्याला इमेज म्हणतात. साचा आणि वीट यांचे जे नाते, तेच इमेज आणि कंटेनर यांचे. वीट फुटली तर त्याच साच्यातून दुसरी पाडता येते. म्हणून मुलांनी कंटेनर बिघडवला तर घाबरण्याचे कारण नाही. तो पुसावा, नवा उभा करावा. परीक्षानळी फुटली, दुसरी घेतली. मात्र कंटेनरच्या आत साठवलेले जे काही असेल ते कंटेनरबरोबरच नाहीसे होते. पावसाच्या नोंदी वेगळ्या साठ्यात ठेवण्यास सांगितले ते याचसाठी.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तो मीडियाविकी या खुल्या आज्ञावलीवर चालतो. या आज्ञावलीत सुधारणा करू इच्छिणाऱ्यांसाठी तिच्याबरोबरच तयार कंपोज फाईल दिलेली असते. म्हणजे बिलोलीतला एखादा विद्यार्थीही आपल्या यंत्रावर विकीची लहानशी प्रत उभी करू शकतो, तिची भाषा मराठी ठेवू शकतो आणि खऱ्या विकिपीडियाला धक्का न लावता तिच्यात हवे ते बदल करून पाहू शकतो. दुसरे उदाहरण मुंबईचे. तेथील फ्रॅपे या संस्थेने तयार केलेली ईआरपीनेक्स्ट ही हिशेब आणि व्यवहाराची खुली आज्ञावली जगात अनेक ठिकाणी वापरतात. तिला पायथन, नोड, मारियाडीबी, रेडिस अशी अनेक अंगे लागतात. ती एकेक करून बसवणे नवख्याला जड जाते. म्हणून त्यांनीही कंटेनरची कृती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. अनुभवी अभियंते परिस्थिती लिहून ठेवतात आणि आपण मात्र शाळेत नुसता कार्यक्रम शिकवतो, हे योग्य आहे काय?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या सूचनेवर शिक्षक बांधव काही आक्षेप घेतील. ते रास्तही आहेत.

पहिला आक्षेप असा की हे मुलांना फार अवघड जाईल. आठवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी कंटेनर दाखवू नये, हे मलाही मान्य आहे. एका फाईलीचे पान करण्यास त्याची गरजच नाही. पण ज्या दिवशी डेटाबेस येतो त्या दिवशी कंटेनरही यावा. कारण डेटाबेस थेट यंत्रावर बसवणे हे कंटेनरपेक्षा सोपे नाही, उलट अधिक धोक्याचे आहे.

दुसरा आक्षेप यंत्रांचा आणि इंटरनेटचा. शाळेची यंत्रे जुनी, जोडणी मंद. येथे एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इमेज पेनड्राइव्हवर नेता येते! 'सेव्ह' या आज्ञेने ती एका फाईलीत उतरते आणि 'लोड' या आज्ञेने दुसऱ्या यंत्रात चढते. नांदेडला चांगली जोडणी मिळाली तर तेथे एकदा उतरवून घ्यावी आणि बसने बिलोलीला आणावी. शिवाय प्रत्येक यंत्रावर कंटेनर हवाच असे नाही. लिनक्स घातलेल्या ४ जीबी स्मृतीच्या एका यंत्रावर असे दोन लहान कंटेनर चालू शकतात. खोलीतील बाकीच्या यंत्रांना नुसता ब्राउझर पुरे, ती खोलीतल्या जाळ्यातून त्या एका यंत्राकडे पाने मागतील. विंडोज असेल तर मात्र आत लिनक्सचा एक छोटा आभासी संगणक चालवावा लागतो. तेव्हा अधिक स्मृती हवी, ८ जीबी असल्यास बरे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तयार पेटी हाती दिली की मुले आत काय आहे ते शिकणार नाहीत. एक आज्ञा द्यावी, संकेतस्थळ उभे राहावे, आणि कळले मात्र काहीच नाही. हा धोका खरा आहे. पण दोष पेटीचा नाही, ती बंद ठेवून शिकवण्याचा आहे. कंपोज फाईल साध्या मजकुरात असते, ती फळ्यावर लिहिता येते. प्रत्येक ओळ खोडून पाहावी आणि काय बंद पडते ते टिपावे. दाराचा क्रमांक बदलावा. डेटाबेसचा कंटेनर थांबवावा आणि पान कोणती तक्रार करते ते वाचावे. थेट यंत्रावर बसवलेल्या सर्व्हरशी असा खेळ करण्याची परवानगी कोणता शिक्षक देईल? येथे ती बिनधास्त देता येते.

चौथी गोष्ट सावधगिरीची. कंटेनर म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. वाड्याचा पाया सर्वांचा एकच आहे हे विसरू नये. इमेज नामांकित आणि अधिकृत ठिकाणाहूनच घ्याव्यात. त्यांचा आवृत्ती-क्रमांक लिहावा, नुसते 'सर्वांत नवी' असे लिहू नये, नाहीतर आजची नवी आणि पुढच्या वर्षीची नवी यांत फरक पडून प्रयोग पुन्हा जुळणार नाही. आपल्याच यंत्रापुरते काम असेल तर दार १२७.०.०.१ या पत्त्याशी बांधावे, म्हणजे ते बाहेरच्याला दिसत नाही. आणि मुलांची खरी माहिती, दूरध्वनी क्रमांक किंवा छायाचित्रे अशा सरावाच्या संकेतस्थळावर कधीही ठेवू नयेत.

करून पाहा

शाळेतील विज्ञान मंडळाला तीन प्रयोग सुचवतो. एक : गावाचे नाव तिन्ही लिप्यांत साठवा आणि प्रत्येकाला किती बाइट लागले ते डेटाबेसलाच विचारा. आधी वहीत गणित करा, मग उत्तर पडताळा. दोन : मुद्दाम लॅटिन-१ अक्षरसंचाची एक सारणी तयार करा आणि तिच्यात 'बिलोली' लिहून पाहा. जुना डेटाबेस निमूटपणे प्रश्नचिन्हे ठेवत असे. आजचा डेटाबेस बहुधा चूक दाखवून नोंदच नाकारील. या दोहोंपैकी कोणते वागणे बरे, यावर वर्गात चर्चा करा. तीन : वेगळा साठा न जोडता पावसाच्या चार नोंदी भरा, कंटेनर पुसा, पुन्हा उभा करा. नोंदी गेलेल्या दिसतील. मग साठा जोडून तेच करा. निरीक्षण आणि अनुमान वहीत लिहा.

आणि चौथी कसोटी खरी. तुमची कंपोज फाईल आणि 'स्थळ' हे फोल्डर पेनड्राइव्हवर घालून देगलूरच्या किंवा लातूरच्या एखाद्या शाळेतील मुलांना द्या. तोंडी काही सांगू नका. त्यांना ते संकेतस्थळ उभे करता आले तर तुमचा प्रयोग पुरा झाला. न आले तर कृतीत काही लिहावयाचे राहून गेले आहे, ते शोधा.

शिक्षकांना एकच विनंती. यंत्रांची संख्या वाढावी, जोडणी वेगवान व्हावी, या मागण्या योग्यच आहेत आणि त्या करीत राहिले पाहिजे. पण त्या पुऱ्या होईपर्यंत थांबू नये. खोलीतील एक यंत्र मुलांच्या हवाली करावे आणि त्यावर पाटी लावावी : 'येथे चुकण्यास परवानगी आहे, मात्र काय केले ते लिहून ठेवावे.' संगणकाची खोली त्याच दिवशी प्रयोगशाळा होईल.